वाटांची बेगमी: सह्याद्रीतील घाट आणि पर्यायी मार्गांचे मोजमाप

कोकण आणि देश यांच्यामध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे महाराष्ट्रातील दळणवळणाचा इतिहास हा बऱ्याच अंशी त्या भिंतीतील फटींचा इतिहास आहे. या फटींना लोक घाट, बारी, खिंड, नाळ अशी नावे देत आले आणि प्रत्येक नावामागे चढाचा, रुंदीचा व वापराचा वेगळा अनुभव होता. मैदानी मुलखात रस्ता खचला तर बाजूच्या रानातून गाडी हाकता येते, परंतु घाटाची वाट तुटली की पुढचा घाट गाठण्यासाठी कित्येक कोसांचा वळसा पडतो; म्हणूनच एक वाट बंद पडल्यास दुसरी आहे काय, असल्यास ती किती ओझे पेलेल, आणि पहिली वाट किती दिवसांत पुन्हा चालू होईल, हे तीन प्रश्न या डोंगराने प्रवाशांना, व्यापाऱ्यांना व राज्यकर्त्यांना दोन हजार वर्षे सतत विचारले आहेत. रस्त्यांच्या जाळ्याचा अभ्यास करणारे आजचे शास्त्र यातील पहिल्या दोन प्रश्नांना मार्गबाहुल्य, म्हणजे मुख्य मार्गाखेरीज उपलब्ध असलेल्या स्वतंत्र मार्गांचा साठा, या कल्पनेखाली आणते आणि तिसऱ्याला सावरक्षमता, म्हणजे आघात सोसून पूर्वस्थितीला येण्याची जाळ्याची शक्ती, या कल्पनेखाली. मार्गबाहुल्यासाठी मराठीत एक जुना शब्द अधिक नेमका बसतो, तो म्हणजे बेगमी. आगोटीपूर्वी घरात भरून ठेवलेले धान्य, मीठ आणि सरपण यांना जो अर्थ आहे, तोच न वापरलेल्या वाटेला आहे: उन्हाळ्यात ती निरुपयोगी दिसते आणि आषाढात तिच्यावाचून चालत नाही.

घाटांच्या लिखित इतिहासाचा आरंभ जुन्नरजवळच्या नाणेघाटापासून धरता येतो. सातवाहनांच्या काळात कल्याण व सोपारा या बंदरांतील माल याच वाटेने जुन्नरला आणि पुढे पैठणकडे जात असे. घाटाच्या माथ्यावरील लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतील शिलालेख आहे आणि वाटेच्या तोंडाशी दगडी रांजण आहे, ज्यात जकातीची नाणी टाकली जात, असे परंपरा सांगते. जीवधन, चावंड, हडसर आणि निमगिरी हे किल्ले या परिसरावर नजर ठेवून होते. दक्षिणेला बोरघाटाच्या माथ्यावर कार्ले, भाजे व बेडसे ही लेणी आणि पायथ्याच्या बाजूस राजमाचीखाली कोंडाणे हे लेणे, अशी जी रांग दिसते तीही प्राचीन काळी एकाहून अधिक वाटा चालू असल्याची साक्ष देते. येथे एक विरोध लक्षात घेण्यासारखा आहे. जकात घेणाऱ्या सत्तेला वाटा थोड्या आणि चौकीखाली आलेल्या हव्या असतात, कारण प्रत्येक जादा वाट म्हणजे चुकलेली जकात. माल नेणाऱ्या व्यापाऱ्याला आणि लमाणांच्या तांड्याला मात्र वाटा पुष्कळ हव्या असतात, कारण एका घाटात दरड कोसळली, पाणी आटले वा लूटमार सुरू झाली तर बैल दुसरीकडे वळवता आले पाहिजेत. मार्गबाहुल्य वाढवणारे आणि ते घटवणारे हितसंबंध एकाच डोंगरात इतक्या प्रारंभापासून एकमेकांसमोर उभे आहेत.

सतराव्या शतकात या प्रश्नाला लष्करी धार आली. १६५६ मध्ये शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, त्यामागे मोऱ्यांचा बंदोबस्त हे जितके कारण होते तितकेच वाई प्रांतातून कोकणात उतरणाऱ्या वाटांचे नियंत्रण हेही होते. लगेच पार घाटावर नजर ठेवणारा प्रतापगड उभा राहिला, आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी अफझलखानाचे जे झाले ते त्या वाटांवर कोणाचा ताबा होता हे ध्यानात घेतल्याशिवाय नीट समजत नाही. याहूनही बोधप्रद प्रसंग उंबरखिंडीचा आहे. शायिस्ताखानाने कोकणात पाठवलेल्या कारतलबखानाने नेहमीचा बोरघाट सोडून लोणावळ्याजवळील कुरवंडे घाटाची आडवाट धरली. वाट कमी वहिवाटीची असल्याने शत्रूला सुगावा लागणार नाही हा त्याचा हिशेब होता. परंतु त्या अरुंद, निबिड अरण्यातील वाटेला मध्ये कोठेही फाटा नव्हता. फेब्रुवारी १६६१ मध्ये मराठ्यांनी खिंडीत पुढचे तोंड अडवले, मागचेही अडवले, आणि मोठे सैन्य पाण्याविना मध्ये कोंडून पडले. अखेर खंडणी भरून खानाला परत फिरावे लागले. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त या युद्धाचे सविस्तर वर्णन आहे. जाळ्याच्या भाषेत सांगायचे तर ज्या मार्गाला मध्ये एकही फाटा नाही, त्यावरील कोणतेही दोन बिंदू तोडले की मधला भाग उरलेल्या जगापासून वेगळा होतो, आणि हा सिद्धांत लिहिला जाण्याच्या कितीतरी आधी तो उंबरखिंडीत वापरला गेला.

पुढच्या शतकातील इंग्रजांच्या मोहिमा हाच धडा उलट बाजूने शिकवतात. १७७८ च्या अखेरीस मुंबईहून निघालेले इंग्रज सैन्य पनवेलमार्गे बोरघाट चढले, तेव्हा सुमारे ३,९०० माणसांसोबत जवळपास १९,००० बैल होते. एवढा पसारा एकाच चढावरून वर नेण्याचा वेग बैलांच्या पावलाने ठरत होता. त्यात मराठ्यांनी वाटेवरील मुलूख ओसाड करून आणि पाठीमागचा संपर्क धोक्यात आणून जानेवारी १७७९ मध्ये वडगावच्या तहाची वेळ आणली. १७८१ मध्ये जनरल गॉडार्डने बोरघाट जिंकला, पण घाट हाती असूनही त्याचा उपयोग होईना, कारण हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा कोकणात उतरून घाट व पनवेल यांच्यामधल्या रसदेवर हल्ले करीत होत्या, आणि त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्याला नुकसान सोसत माघार घ्यावी लागली. एका पक्षाजवळ एक चांगली वाट होती आणि दुसऱ्याजवळ अनेक बिकट वाटा. मोहिमेचा निकाल दुसऱ्याच्या बाजूने लागला.

इंग्रजांनी या अनुभवातून काढलेला निष्कर्ष मात्र वेगळा होता, आणि महाराष्ट्राच्या रस्त्यांचा आजचा नकाशा त्या निष्कर्षातून घडला आहे. बिकट वाटा पुष्कळ असण्यापेक्षा थोड्या वाटा रुंद व पक्क्या असाव्यात, असे त्यांनी ठरवले. १८०४ मध्ये आर्थर वेलस्लीने बोरघाट तोफा जाण्याजोगा करून घेतला आणि १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत त्यातून चाकांच्या गाड्यांचा रस्ता खुला झाला. पुढील दशकांत थळघाट, कुंभार्ली, गव्हर्नर फिट्झजेराल्ड याचे नाव दिलेला महाबळेश्वर–पोलादपूर घाट, आंबोली असे गाडीरस्ते एकामागून एक तयार झाले. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली १८८० च्या दशकात प्रसिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरच्या खंडांत ठाणे, कुलाबा, पुणे, सातारा या जिल्ह्यांतील घाटांच्या ज्या याद्या आहेत, त्या मार्गजालाच्या अभ्यासकाला आजही मौल्यवान वाटाव्यात अशा आहेत, कारण त्यांत केवळ नावे दिलेली नसून कोणता घाट गाडीला योग्य, कोणता लादलेल्या बैलाला आणि कोणता फक्त पायी माणसाला, हेही नोंदवलेले आहे. मार्ग आहे एवढे सांगून पुरत नाही, तो किती ओझे वाहतो हे सांगावे लागते, ही जाणीव त्या नोंदींत स्पष्ट आहे.

रेल्वेने या एकवटण्याला पूर्णता दिली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा बोरघाटातील मार्ग १८६३ मध्ये आणि थळघाटातील १८६५ मध्ये सुरू झाला; जेम्स बर्कली हा त्यांचा प्रमुख अभियंता. दक्षिणेकडे १८८८ मध्ये मुरगाव बंदराला जोडणारी रेल्वे घाट चढून वर आली, तेव्हा रामघाट व आंबोलीवर अवलंबून असलेल्या वेंगुर्ल्याच्या व्यापाराला ओहोटी लागली. जी वाहतूक पूर्वी कित्येक घाटांत विखुरलेली होती ती दोन-तीन लोहमार्गांवर गोळा झाली. बैलांचे तांडे गेले आणि तांड्यांबरोबर वाटांची निगा गेली, कारण वापरणाऱ्यांची पावले हीच पायवाटेची देखभाल असते. विसाव्या शतकात कोयनेच्या जलाशयाने खोऱ्यातील गावे उठली आणि तेथून कोकणात उतरणाऱ्या वाटांचे उरलेसुरले पांथस्थही संपले. वाहून नेण्याची एकूण क्षमता अफाट वाढली, हे खरे, आणि तिच्याशिवाय आधुनिक मुंबई उभीच राहिली नसती. पण निवडीला जागा घटली, आणि या घटीची नोंद कोणत्याही हिशेबात झाली नाही.

ही नोंद करण्याची साधने त्याच काळात, पण अन्यत्र, तयार होत होती. १७३६ मध्ये लेओनार्ड ऑयलरने क्योनिग्सबर्ग शहरातील सात पुलांचे कोडे सोडवताना नदी, बेटे आणि पूल यांचे रूपांतर बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांत केले, आणि आलेखशास्त्राचा पाया घातला. १९२७ मध्ये कार्ल मेंगरने सिद्ध केले की जाळ्यातील दोन ठिकाणे एकमेकांपासून तोडण्यासाठी कमीत कमी जितके दुवे कापावे लागतात, तितकेच एकही दुवा सामायिक नसलेले स्वतंत्र मार्ग त्या दोहोंमध्ये असतात. मार्गबाहुल्याच्या मोजमापाचे सार याच एका विधानात आहे. त्यात क्षमतेची भर पडली ती शीतयुद्धामुळे: १९५५ मध्ये थिओडोर हॅरिस आणि निवृत्त जनरल फ्रँक रॉस यांनी अमेरिकी हवाई दलासाठी सोव्हिएत रेल्वेचे ४४ बिंदू आणि १०५ दुव्यांचे जाळे मांडून, पूर्वेकडून पश्चिमेकडे जाणारी वाहतूक तोडण्यासाठी कोठे घाव घालावा याचा हिशेब केला, आणि तो अहवाल १९९९ पर्यंत गोपनीय राहिला. त्याच प्रश्नातून लेस्टर फोर्ड आणि डेल्बर्ट फल्करसन यांनी १९५६ मध्ये प्रसिद्ध केलेला सिद्धांत निघाला, की जाळ्यातून जाऊ शकणारा महत्तम प्रवाह हा त्याला तोडणाऱ्या सर्वांत स्वस्त छेदाच्या क्षमतेएवढा असतो. वाट कोठे कापावी हा शत्रूचा प्रश्न आणि वाट कोठे जपावी हा राखणदाराचा प्रश्न यांचे उत्तर एकच असते, हे यातून गणिताने दाखवले.

भूगोलाच्या अभ्यासकांसाठी १९६३ मध्ये कान्स्कीने काही सोपे निर्देशांक दिले, त्यांपैकी अल्फा निर्देशांक सह्याद्रीला लावून पाहण्यासारखा आहे. एखाद्या जाळ्यात फिरून मूळ ठिकाणी आणणारी स्वतंत्र वर्तुळे किती आहेत, याला तितक्याच बिंदूंच्या सपाट जाळ्यात जास्तीत जास्त किती असू शकली असती या संख्येने भागले की हा निर्देशांक मिळतो. तो शून्य असेल तर कोणताही एक दुवा तुटताच जाळे दुभंगते, आणि एकाजवळ असेल तर पर्याय विपुल असतात. आता खाली मुंबई–गोवा महामार्ग आणि वर पुणे–सातारा–कोल्हापूर–बेळगाव असा महामार्ग हे दोन उभे दांडे मानले आणि बोर, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, करूळ, फोंडा, आंबोली हे नऊ घाट पायऱ्या मानले, तर स्थूल मानाने एक शिडी तयार होते. तिचे बिंदू १८, दुवे २५, स्वतंत्र वर्तुळे ८ आणि संभाव्य वर्तुळे ३१, म्हणून निर्देशांक सुमारे ०.२६ येतो. मधले वरंध, आंबेनळी आणि कुंभार्ली हे तीन घाट बंद पडले तर वर्तुळे ५ उरतात आणि निर्देशांक ०.१६ वर येतो. आकडा घसरला, एवढे कळते. महाडच्या रुग्णाला भोरकडे जाण्याऐवजी आधी माणगावकडे जाऊन ताम्हिणी गाठावा लागतो, हे त्या आकड्यातून कळत नाही. शिवाय शिडीचे हे चित्र वस्तुस्थितीपेक्षा अधिक आश्वासक आहे, कारण आंबा, करूळ व फोंडा या तिन्ही घाटांची वरची वाहतूक मुख्यतः कोल्हापूरकडेच येते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेच्या पुराने कोल्हापूरला वेढा घातला आणि बंगळूरूकडे जाणारा महामार्ग कित्येक दिवस बंद राहिला, तेव्हा हे घाट शाबूत असते तरी त्यांच्या माथ्यावरून पुढे जाणार कोठे, हाच प्रश्न होता. एका गाठीत येऊन मिळणाऱ्या तीन पायऱ्यांना तीन पर्याय म्हणणे मेंगरच्या कसोटीवर टिकत नाही.

याच चुकीचे सर्वांत ठळक उदाहरण बोरघाटात आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. सुमारे ९४ किलोमीटर लांबीच्या या सहापदरी रस्त्याने प्रवासाचा वेळ कमी केला, आणि जुना महामार्गही शिल्लक असल्यामुळे दोन शहरांमध्ये दोन स्वतंत्र रस्ते झाले असे नकाशा पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात आडोशी बोगदा ते खंडाळा या घाटाच्या अवघड टप्प्यात दोन्ही रस्ते एकत्र येतात आणि दहा पदरांची वाहतूक सहा पदरांवरून जाते. ज्या ठिकाणी डोंगर सर्वांत धोकादायक आहे नेमक्या त्याच ठिकाणी दोनाचा एक होतो. त्यामुळे मेंगरच्या हिशेबाने या टप्प्यापुरती स्वतंत्र मार्गांची संख्या दोन नसून एक आहे. जुलै २०१५ मध्ये आडोशी बोगद्याजवळ दरड कोसळून माणसे दगावली आणि वाहतूक ठप्प झाली, त्याचे गांभीर्य या रचनेत होते. १८३० मधील रस्त्याच्या काळचा, अमृतांजन पूल या नावाने ओळखला जाणारा कमानींचा पूल याच टप्प्यात अडचणीचा ठरला होता आणि ५ एप्रिल २०२० रोजी, टाळेबंदीमुळे रस्ता ओस असताना, तो पाडण्यात आला. खोपोली ते कुसगाव असा बोगद्यांतून आणि दरीवरील पुलावरून जाणारा जो नवा रस्ता हाती घेण्यात आला, त्याला अभियंत्यांनी ‘मिसिंग लिंक’ म्हणजे गहाळ दुवा असे नाव दिले, ते जाळ्याच्या शास्त्राला अगदी धरून आहे.

स्वतंत्र मार्ग किती हे मोजून झाल्यावरही सावरण्याचा प्रश्न उरतो. निसर्गातील व्यवस्था आघातानंतर कशा तग धरतात याचा विचार सी. एस. हॉलिंग या परिसरशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये मांडला होता, पण रस्त्यांच्या बाबतीत तो निकडीचा झाला तो १७ जानेवारी १९९५ च्या कोबे भूकंपानंतर, जेव्हा हान्शिन द्रुतगती मार्गाचा उन्नत भाग आडवा पडला. २००३ मध्ये मिशेल ब्रुनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सावरक्षमतेचे चार घटक सांगितले: आघात सोसण्याची मजबुती, पर्यायांची बेगमी, साधनांची जुळवाजुळव आणि पूर्वपदावर येण्याचा वेग. त्यांनी नुकसानाचे माप त्रिकोणाच्या क्षेत्रफळासारखे घेतले: सेवा किती खाली गेली ही त्याची खोली आणि ती भरून यायला किती दिवस लागले ही त्याची लांबी. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल एसटी बसगाड्यांसह वाहून गेला. शेजारी नवा पूल असल्यामुळे महामार्ग कायमचा तुटला नाही, आणि ५ जून २०१७ रोजी, म्हणजे पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर, दुसरा पूल वाहतुकीला खुला झाला. जाळ्याच्या दृष्टीने ही चांगली कामगिरी होती. पण जाळे सावरले म्हणून त्या रात्री पुरात गेलेली माणसे परत येत नाहीत, आणि पर्याय असणे व धोक्याची वेळीच सूचना असणे या दोन वेगळ्या गरजा आहेत, हे कोणत्याही निर्देशांकाने झाकले जाता कामा नये.

२२ आणि २३ जुलै २०२१ रोजी मात्र जाळ्याच्या साऱ्या उणिवा एकत्र उघड्या पडल्या. महाडला तीन हात आहेत: उत्तरेला माणगाव, दक्षिणेला पोलादपूर, पूर्वेला वरंध घाट. महाड आणि चिपळूण पाण्याखाली गेले, वरंध व आंबेनळी घाट दरडींनी व खचण्याने बंद पडले, चिपळूणजवळ वाशिष्ठीवरील जुन्या पुलाचा भाग तुटला, वर कोल्हापूरजवळ महामार्गावर पुन्हा पाणी आले, आणि महाड तालुक्यातील तळीये गावावर डोंगर कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली, जेथे मदत पोचण्याचा मार्गच बुडालेला होता. पाठ्यपुस्तकातील हिशेब प्रत्येक दुवा स्वतंत्रपणे निकामी होतो असे धरून चालतो. सह्याद्रीत ते गृहीतक खोटे आहे, कारण पाऊस एकाच वेळी सगळ्या घाटांवर पडतो. तीन घाटांपैकी प्रत्येक बंद पडण्याची शक्यता दहांत एक असेल आणि त्या एकमेकींपासून स्वतंत्र असतील, तर तिन्ही एकदम बंद पडण्याची शक्यता हजारांत एक येते. पण तिन्हींना बंद पाडणारे कारण एकच असेल तर ती दहांत एक इतकीही असू शकते. शेजारच्या घाटाची बेगमी, ज्या कोठारात पाणी शिरते त्याच कोठारात ठेवलेल्या धान्यासारखी आहे. याचा अर्थ शेजारचे घाट निरर्थक आहेत असा नाही. पर्याय मोजताना त्यांच्यातील अंतर, खडकाची जात, उतार आणि पाण्याचा निचरा हेही मोजले पाहिजे, आणि रस्ता, रेल्वे, जलवाहतूक अशा वेगवेगळ्या कारणांनी बंद पडणाऱ्या साधनांना एकमेकांचे खरे पर्याय मानले पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

हे मोजमाप करण्यासाठी लागणारी सामग्री दुर्मीळ नाही, विखुरलेली आहे. कोणता घाट कोणत्या तारखेस किती वाजता बंद झाला, कोणत्या कारणाने, किती वेळाने एकेरी सुरू झाला आणि केव्हा पूर्ण खुला झाला, याची माहिती दर पावसाळ्यात जिल्हा प्रशासनाच्या आदेशांत, बांधकाम खात्याच्या उपविभागांत आणि एसटीच्या आगारांत तयार होते व पावसाळ्याबरोबर विरून जाते. गॅझेटिअरने १८८० च्या दशकात प्रत्येक घाटापुढे गाडी, बैल की पायी माणूस हे लिहून ठेवले होते. आज त्याच यादीत बंद पडल्याचे आणि सावरल्याचे तास लिहिण्याचा एक रकाना वाढवावा, घाटनिहाय ती नोंदवही दर वर्षी प्रसिद्ध करावी आणि ताम्हिणीपासून आंबोलीपर्यंतच्या घाटांखाली राहणाऱ्या गावांना ती पाहू द्यावी.